पाचोळा उचलू नये

आमच्या घराजवळच्या बागेत पंपघराच्या मागे एका खोलीएवढी जागा होती. दोन करंज, एक भोकर, भिंतीला टेकून माजलेली घाणेरी आणि खाली घोटाभर पाचोळा. बागेचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, तुमच्या गावातली बाग साधारण अशीच असणार: पुढे कारंजं, मधे हिरवळ, कडेनं पेव्हर ब्लॉकची वाट, ओपन जिमची पिवळी-निळी यंत्रं, आणि जिथे कोणी फिरकत नाही तिथे पंपघर.

डिसेंबरातल्या एका सकाळी त्या पाचोळ्यातून खसखस ऐकू आली. थांबली. पुन्हा आली. मला वाटलं घूस असेल. भिंतीच्या कडेला उकिडवी बसले, तर चार-पाच हातांवर एक कस्तूर. डोकं आणि पोट नारिंगी, पाठ राखी-निळी, आणि पांढऱ्या गालावर कुणी काजळाची दोन बोटं ओढावीत तशा उभ्या रेघा. मेथीची जुडी निवडायला बसलेली बाई पिवळं पान दिसलं की न बघता बाजूला टाकते, तसं त्याचं चाललं होतं. चोचीत पान धरायचं, झटक्यात भिरकवायचं, मान तिरकी करून उघड्या पडलेल्या ओल्या मातीकडे बघायचं, मग पुढचं पान. अकराव्या की बाराव्या पानाखाली त्याला गांडूळ सापडलं. ते त्यानं ओढून काढलं, दोनदा आपटलं, गिळलं आणि पुन्हा कामाला लागला. मी वीस मिनिटं बसून होते. पायाला मुंग्या आल्या म्हणून उठले, तरी तो उडाला नाही. घाणेरीखाली चालत गेला.

त्या सकाळच्या वहीत बाकीच्या अख्ख्या बागेची नोंद अशी आहे: कबुतरं, मोजली नाहीत. साळुंक्या नऊ. कावळे. तारेवर एक वेडा राघू. हिरवळीवर एक धोबी. म्हणजे ज्या जागेवर बागेनं गेल्या कित्येक वर्षांत एक रुपया खर्च केला नव्हता, तिथेच त्या दिवशीचा सगळ्यात देखणा पाहुणा जेवत होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक मागणी घोळते आहे. ऐकायला ती विचित्र वाटेल. प्रत्येक सार्वजनिक बागेत एक कोपरा न झाडलेला ठेवावा. आणि तो कुणाच्या मर्जीवर सोडू नये. बागेच्या देखभालीचा जो ठेका दिला जातो, त्याच्या करारात तसं लिहून ठेवावं. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात 'झाडू नका' म्हणणं धाडसाचं आहे, हे मला कळतं. पण बाबांचा खराटा घाणीवर चालायचा. करंजाचं वाळलेलं पान ही घाण आहे, हे आपण कधी ठरवलं?

बाग झाडणाऱ्या मावशींशी माझी बऱ्यापैकी ओळख आहे. एकदा त्यांना म्हटलं, "मावशी, एखादा कोपरा सोडून देत जा ना. पाचोळ्यात पक्षी येतात."

त्या हसल्या. "ताई, मला काय, उलट बरंच की. कंबर वाचंल. पन मुकादम रोज फोटू काढून वर पाठवतो. पाचोळा दिसला की हजेरी कापत्यात." मग खराटा झाडाला टेकवून हळूच म्हणाल्या, "पंपघराच्या मागं मी जातच न्हाई. तिथं कोन येतंय फोटू काढायला."

म्हणजे त्या कस्तुराचं जेवण एका बाईच्या कंबरदुखीवर चाललं होतं. पक्षी वाचवण्याची आपली एकूण व्यवस्था ही अशी आहे.

हल्ली पुष्कळ शहरांत बागांची देखभाल ठेक्यानं दिली जाते. ठेक्यात कामं लिहिलेली असतात: झाडलोट, पाणी देणं, हिरवळ कापणं, कुंपणाच्या रोपांची छाटणी, तण काढणं, फवारणी. ज्याला पैसे मिळतात तो ती करतो, आणि केली हे दाखवायला फोटो काढतो. फोटोत दिसतं ते काम. पानांखालची माती ओली आहे की कोरडी, तिच्यात गांडूळ आहे की नाही, हे फोटोत दिसत नाही. त्यामुळे स्वच्छ बाग म्हणजे खराट्याच्या रेघा उमटलेली उघडी माती, अशी व्याख्या आपोआप ठरून गेली आहे. यात कुणी दुष्ट नाही. मुकादम दुष्ट नाही, ठेकेदारही नसेल. त्यांना जे लिहून दिलंय ते ते करतायत. म्हणून तर म्हणते, लिहिलेलं बदलायला हवं. नुसत्या प्रबोधनानं मावशींची हजेरी वाचणार नाही.

पाचोळ्याचं पुढे काय होतं तेही बघण्यासारखं आहे. तो पोत्यांत भरून ट्रॉलीनं बाहेर जातो, नाहीतर हिवाळ्यात सकाळी सकाळी कुंपणापाशी पेटतो. उघड्यावर कचरा जाळायला २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली आणि बागेचा कचरा वेगळा ठेवायला सांगितलं, तरी धुराचा तो वास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच बागेत लाल माती आणि शेणखत ट्रक भरून येतं. झाडानं स्वतःसाठी खाली टाकलेलं खत बाहेर नेण्याचं एक बिल, आणि बाहेरचं खत आत आणण्याचं दुसरं.

पानं कुजतात ती आपोआप नाही. बुरशी असते, वाळवी असते, गोमा, गोगलगायी, रातकिडे, भुंगेरे, कोळी असतात. हा सगळा गाडा पाचोळ्याच्या ओलसर अंधारात चालतो, आणि त्यावर जगणाऱ्या पक्ष्यांची एक अख्खी पंगत असते. कस्तूर त्यातला एक. सातभाई दिवसभर कलकलाट करत पानं उचकत असतात. भारद्वाज पावलं मोजत फिरतो. आणि मे-जूनमध्ये, पाऊस तोंडावर आला की, दक्षिणेकडून नवरंग येतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून तो विणीसाठी वर सरकतो, आणि प्रवासात रात्रीचा उतरतो तो कधी कधी शहरातल्या बागेत. भल्या पहाटे आणि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. एवढा रंगीबेरंगी पक्षी, पण त्याला हवं असतं तेच, सावली आणि पाचोळा. पेव्हर ब्लॉकवर उतरलेला नवरंग मी एकदा पाहिलाय. दमून बसला होता, आणि भोवती मोबाइल.

हिरवळीबद्दल अन्याय नको करायला. हुदहुद हिरवळीवर खूश असतो, लांब चोच खुपसत फिरतो. धोबी, साळुंक्या, पाणी दिलेलं असलं तर वंचकही. पण त्यासाठी बागेचा तीन-चतुर्थांश भाग हिरवळ असायला हवा असं त्यांनी कधी म्हटलेलं नाही.

पाचोळ्याला जे लागू, तेच वाळक्या फांदीला. इथे थोडं रेंगाळते, कारण तांबट माझा लाडका. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथल्या ठोक्यांचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला या पक्ष्याचं नाव वेगळं समजवावं लागत नाही. टुक, टुक, टुक, एका लयीत, भर उन्हात, कितीही वेळ. चिमणीएवढा जीव, हिरवा, कपाळावर लाल टिळा. हा घर बांधत नाही, कोरतो. नर-मादी दोघं मिळून कोरतात, आणि त्यासाठी त्यांना जिवंत टणक लाकूड चालत नाही, मेलेली किंवा मऊ पडलेली फांदी लागते. भोक फांदीच्या खालच्या अंगाला करतात, पाऊस आत शिरू नये म्हणून. लिंबू जेमतेम जाईल एवढं गोल, कंपासनं काढावं तसं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या बागेतल्या गुलमोहराच्या वाळक्या फांदीवर एका जोडीनं काम काढलं होतं. तोंडात भुसा घेऊन यायचं आणि मान झटकून खाली टाकायचा. झाडाखाली बाकावर बसणाऱ्या एका आजोबांच्या टोपीवर तो पडायचा, आणि ते दर वेळी वर बघून "चालू द्या" म्हणायचे.

एप्रिलच्या शेवटी पावसाळ्यापूर्वीची छाटणी आली. वाळकी फांदी आधी जाते, हे ओघानंच आलं.

आता यात बाजू दोन आहेत, आणि दुसरी बाजू हलकी नाही. मुंबईत आणि इतरत्र दर पावसाळ्यात झाड किंवा फांदी पडून माणसं जातात. फांदी वाटेवर, बाकावर, खेळाच्या जागेवर लोंबत असेल तर ती काढलीच पाहिजे. तांबटासाठी माणसाचा जीव धोक्यात घाला असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण बागेतली प्रत्येक वाळकी फांदी वाटेवर नसते. आणि छाटणी नेमकी विणीच्याच दिवसांत का, याला वेळापत्रक सोडून दुसरं कारण मला दिसत नाही. तीच फांदी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढता येते. तेव्हा ढोल्या बहुतेक रिकाम्या असतात, आणि पावसाळा संपल्यामुळे कोणती फांदी खरंच धोक्याची आहे हे दिसतंही. ज्या फांदीत घरटं आहे ती वाटेवर नसेल तर दोन महिने थांबता येतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणंही येतं, हे किती उद्यान निरीक्षकांना सांगितलेलं असतं? झाडांसाठी आपल्याकडे १९७५चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, २०२१च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला खास दर्जाही मिळाला. म्हणजे झाड किती जुनं हे आपण मोजतो. त्याच्यात कोण राहतं हा रकाना अजून आलेला नाही. राखी धनेशाची मादी पिल्लांसाठी ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. शहरात धनेश टिकलेत ते मोठ्या जुन्या झाडांच्या पोकळ पोटांमुळे. पिंगळ्यांचंही तेच.

मग पाच नोव्हेंबर येतो. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून तो आठवडा २०२०पासून राज्य सरकार पक्षी सप्ताह म्हणून साजरा करतं. कल्पना छान आहे. दोघांनीही आयुष्य रानात काढलं. पण बागेत या सप्ताहात काय होतं? चित्रकला स्पर्धा, मातीची पाण्याची भांडी, आणि झाडांना टांगलेली कृत्रिम घरटी. ज्या गुलमोहराची वाळकी फांदी एप्रिलमध्ये गेली, त्याच गुलमोहराला गेल्या नोव्हेंबरात प्लास्टिकचं हिरवं घरटं तारेनं बांधलेलं मी पाहिलं. त्यावर प्रायोजकाचं नाव होतं. आत कोळ्याचं जाळं होतं, तेवढा एक भाडेकरू तरी मिळाला.

न झाडलेल्या कोपऱ्याची गोष्ट काढली की लोक काय म्हणतात ते मला पाठ आहे. पहिला साप. पाचोळ्यात साप येतात. येतात, नाही असं नाही. पण शहरातल्या बागेत साप येतो तो मुख्यतः उंदरांमागे, आणि उंदीर येतात भेळेचे कागद, शेंगदाणे आणि पावाचे तुकडे यांच्यामागे. कस्तुराच्या कोपऱ्यात यातलं काही नव्हतं. बाकाखाली रोज असतं. दुसरा डास. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आमच्या बागेत तसं पाणी कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि बंद पडलेल्या कारंजाच्या टाकीत असतं, आणि कारंजं हे बागेचं भूषण असल्यामुळे त्याच्यावर कुणी बोट ठेवत नाही.

तिसरी हरकत मात्र खरी आहे, आणि ती बायकांची आहे. झाडी दाट, आडोसा, मग तिथे कोण बसतं, काय चालतं. मी स्वतः पहाटे सहाला एकटी दुर्बीण गळ्यात अडकवून जाते. बागेतला दिवा बंद असला की मी पंपघराकडे जात नाही, कस्तूर असो की नवरंग. उजेड, मोकळी नजर, हाकेच्या अंतरावर माणूस, हे बाईसाठी चैनीचे विषय नाहीत, आणि निसर्गाच्या नावाखाली कुणी ते सोडायला सांगितलं तर मी पहिली भांडेन. पण न झाडलेला कोपरा म्हणजे जंगल नव्हे. पाचोळा घोट्याएवढा असतो, त्याच्यामागे कुणी लपत नाही. वाटेपासून दिसेल अशी जागा निवडावी, गुडघ्याएवढं कुंपण घालावं, आत कुणी जाऊ नये, झुडपं कमरेच्या वर जाऊ देऊ नयेत. मागच्या अंधारात नाही, पुढे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पंपघराच्या मागची जागा खरं तर या कसोटीला उतरत नाही, हे मी मान्य करते. ती योगायोगानं उरलेली होती. मला योगायोग नको, दोन-तीन गुंठ्यांची ठरवलेली जागा हवी. पाटी लावा हवं तर: 'येथील पाचोळा मुद्दाम ठेवला आहे.'

"पक्षीनिरीक्षण हा तुमच्यासारख्यांचा छंद, बाग सगळ्यांची," असं एक सद्गृहस्थ मला ऐकवून गेले. त्यात तथ्य आहे. दुर्बिणीला पैसे पडतात, लांब भिंगाच्या कॅमेऱ्याला तर विचारू नका. आणि आम्ही पक्षीवाले काही संत नाही. पिंगळ्याच्या ढोलीसमोर दहा-बारा कॅमेरे तिपायांवर लावून बसलेली मंडळी मी पाहिलीत. पिल्लं भरवायला आलेली मादी समोरच्या तारेवर बसून राहिली, आत गेलीच नाही. नवरंगाला बाहेर काढायला मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवणारे आहेत. विणीच्या दिवसांत दुसरा नर आलाय असं समजून तो बिचारा खाणं सोडून भांडायला येतो. कस्तुरासमोर अळ्या टाकणारे आहेत, फांदी मोडून 'बॅकग्राउंड' साफ करणारे आहेत, घरट्याचा पत्ता दुपारपर्यंत गावभर करणारे आहेत. तोही एक खराटाच. त्यांचं स्वच्छ चित्र आणि ठेकेदाराचं स्वच्छ चित्र यांत मला फार फरक दिसत नाही. कुंपण हवं ते आमच्यासाठीसुद्धा.

पण बाग सगळ्यांची असेल तर ती त्या आजोबांचीही आहे, ज्यांच्या टोपीवर भुसा पडत होता. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती. फांदी गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "ते टुकटुकवाले कुठे गेले हो?" गाडी काढून ताम्हिणीला जाणाऱ्याला बागेतला तांबट नसला तरी चालतो. ज्याचं सगळं रान म्हणजे घरापासून चारशे पावलांवरची बाग, त्याला चालत नाही.

पक्षीप्रेम म्हणजे दाणे टाकणं, ही समजूतही या निमित्तानं तपासायला हवी. २०२५मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रण माजलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मी त्या वादात शिरत नाही. एवढंच म्हणते की कबुतराला आपली गरज नाही; गच्ची, खिडकीचा छज्जा आणि पोत्यानं दाणे यांवर ते उत्तम चाललंय. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. ज्या जातींचा लांब मुदतीचा कल मांडता आला, त्यांतल्या ६० टक्के घटताना दिसल्या. बहरलेल्यांत कोण, तर कबुतर, कोकीळ, मोर. कुठेही, काहीही चालणारे टिकतात. ज्याला पाचोळाच लागतो, वाळकी फांदीच लागते, नदीकाठची लव्हाळीच लागतात, तो हटतो. दाण्याच्या पोत्यानं हा हिशेब बदलत नाही.

नदीकाठावरून आठवलं. पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभनाचा प्रकल्प चालू आहे आणि त्यावरून पक्षीवाले आणि प्रशासन यांच्यात वर्षानुवर्षं जुंपली आहे. येरवड्याजवळ काठावरचा झाडीचा एक पट्टा सालिम अलींच्या नावानं ओळखला जातो. त्या वादात पूर, सांडपाणी, जमिनीचे भाव असं पुष्कळ काही आहे. मी त्यातली जाणकार नाही. पण चित्रं बघितली की नजर तीच ओळखू येते: काठावरचं गवत म्हणजे गबाळेपणा, चिखल म्हणजे घाण, दगडी पायऱ्या म्हणजे विकास. बागेत ज्या डोळ्यांना पाचोळा खुपतो, त्याच डोळ्यांना नदीवर लव्हाळी खुपतात. सवय बागेतच लागते.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सदतीस एकर. ही जागा एकेकाळी मुंबईच्या कचऱ्याचा डेपो होती. त्यावर झाडं लावली, वाढू दिली, आणि १९९४मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे शंभराहून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. आत चालताना पायाखाली पानं वाजतात. मुंबईत, इतक्या महाग जमिनीवर. तिथे जमतं, मग आमच्या दोन गुंठ्यांना काय धाड भरली?

आणि हे काही नवं शिकायचं नाहीये. सह्याद्रीत आणि कोकणात देवराया आहेत. सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी त्या गावोगाव फिरून नोंदवल्या. कित्येक देवरायांचा नियम असा की झाड तोडायचं नाही एवढंच नव्हे, पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. चूल पेटवायला मैलभर फिरणाऱ्या बाईनं समोर पडलेलं सुकं लाकूड सोडून द्यायचं. देवाची भीती होती, मान्य. पण त्या भीतीनं एक गोष्ट पक्की केली होती: गावाच्या हद्दीत अशी एक जागा असते जिथलं काहीही उचलायचं नाही, आणि त्याबद्दल कुणी गावाला अस्वच्छ म्हणत नाही. शहरात देव आपण मंडपात आणले, राई मागेच राहिली. देवाच्या जागी आता ठेक्याचं कलम आहे, म्हणून मी कलम मागते.

मुकादमाला हे सगळं मी एवढ्या लांबण लावून नाही, पाच मिनिटांत सांगितलं. माणूस बरा आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तोंडी नका सांगू. लेखी आणा, वरून सही आणा, मी हातच लावत नाही."

मग अर्ज केला. एक पानी. विषय: बागेतील पाचोळा न उचलण्याबाबत. पंपघरामागच्या जागेचा उदाहरण म्हणून उल्लेख केला, कस्तुराचा फोटो जोडला, तारीख घातली. कार्यालयातल्या खिडकीतल्या मुलानं अर्ज दोनदा वाचला. "न उचलण्याबाबत?" असं विचारून घेतलं. मग संगणकाकडे बघत म्हणाला, "मॅडम, सदर कुठलं टाकू? वृक्षतोड आहे, अतिक्रमण आहे, दिवाबत्ती आहे, स्वच्छता आहे." मी म्हटलं, यांतलं कुठलंच नाही. तो म्हणाला, "कुठलं तरी टाकल्याशिवाय पुढे जात नाही." आणि त्यानं 'स्वच्छता' निवडलं. आवक क्रमांक मिळाला. मी खूश होऊन घरी आले.

चौथ्या दिवशी सकाळी मोबाइलवर निरोप आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. खाली पुरावा म्हणून फोटो जोडला होता. पंपघराच्या मागची जागा. घाणेरी मुळासकट काढलेली, भोकराच्या खालच्या फांद्या उतरवलेल्या, आणि मातीवर खराट्याच्या सरळ, एकसारख्या रेघा.

मी बागेत गेले तेव्हा मावशी हिरवळीच्या कडेला बसून पोतं शिवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, पंपघरामागं कोनीतरी तक्रार दिली. दोन दिसांची हजेरी गेली माझी."